चांदीची इंग्रजी शिलिंग कशी जमवावीत: आधी काटा, मग साल

बारा पेन्सचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड, हा हिशेब ब्रिटनमध्ये १९७१ पर्यंत चालला. नाणे मात्र सातव्या हेन्रीच्या काळापासूनचे, म्हणजे पंधराव्या शतकाच्या अखेरचे. तेव्हा त्याला टेस्टून म्हणत. एवढा मोठा पसारा समोर असला की नवखा संग्राहक सर्वांत जुन्या नाण्याकडे धावतो. तिथेच फसगत होते. पहिल्या एलिझाबेथची शिलिंग हातोड्याने ठोकलेली, बहुधा कडेने कातरलेली, वर साल नाही; काळ ओळखायचा तो टांकसाळीच्या बारीक खुणेवरून. हात बसण्याआधी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

सुरुवात १८१६ पासून करावी. त्या वर्षीच्या कायद्याने शिलिंगचे वजन ५.६५ ग्रॅम ठरले (अर्ध्या तोळ्याला जरा कमी) आणि व्यास साधारण २३.६ मिलिमीटर. पुढे दीडशे वर्षे यात बदल झाला नाही, त्यामुळे एकच आकडा लक्षात ठेवून काम भागते. बदलली ती चांदी: १९१९ पर्यंत ९२.५ टक्के, १९२० पासून ५० टक्के, १९४७ पासून शून्य. शेवटची नाणी तांबे-निकेलची असूनही त्यांचे वजन तेच आहे. म्हणून ‘वजन बरोबर आहे, म्हणजे चांदीच’ असे कुणी म्हटले तर आधी साल वाचावे.

काय जमवायचे ते आधी ठरवा

प्रत्येक सालाचे एक नाणे हा खर्चिक हट्ट आहे. १८५० आणि १९०५ ही साले दुर्मिळ आहेत. सातव्या एडवर्डची १९०५ ची शिलिंग पाच लाखही पाडली गेली नाहीत. त्यापेक्षा छाप बदलला की एक नाणे घ्यावे. तिसरा जॉर्ज, चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम यांचे एकेक; व्हिक्टोरियाची तीन (१८३८ पासूनचा तरुण चेहरा, १८८७ पासूनचा छोट्या मुकुटाचा, १८९३ पासूनचा पदर घेतलेला वृद्ध चेहरा); सातव्या एडवर्डचे एक; पाचव्या जॉर्जची दोन, एक १९२० पूर्वीचे आणि एक नंतरचे; सहाव्या जॉर्जची १९३७ ते १९४६ मधली दोन. दोन अशासाठी, की त्याच्या राणीच्या स्कॉटिश घराण्याच्या मानार्थ तेव्हा निराळा स्कॉटिश छापही निघाला. इंग्रजी छापात सिंह मुकुटावर चार पायांवर उभा, स्कॉटिश छापात तो तलवार व राजदंड धरून समोर तोंड करून बसलेला. झाली अकरा नाणी.

व्हिक्टोरियाच्या तरुण चेहऱ्याचे नाणे निवडताना १८६४ ते १८७९ मधले पाहावे. मागच्या बाजूला सालाच्या वर बारीक आकडा असतो. तो ठशाचा क्रमांक. नाणे फार झिजले असेल तर तो आधी जातो, म्हणून शाबूत आकडा ही दर्जाची चांगली खूण.

घेण्यापूर्वी तपासणी

०.०१ ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा, दहापट भिंग आणि एक उघडा दिवा एवढे पुरे. चुंबकही जवळ ठेवावे, पण ते फक्त लोखंडी नक्कल पकडते. शिसे किंवा तांब्याची नक्कल त्यालाही चिकटत नाही.

पहिल्यांदा वजन. बरेच झिजलेले नाणे ५.३ ग्रॅमपर्यंत उतरू शकते. पण नक्षी धारदार आणि वजन ५.२, असे दिसले तर नाणे परत द्यावे. झीज आणि वजन यांचा मेळ बसलाच पाहिजे.

शंका उरली तर पाण्याची परीक्षा. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. ९२.५ टक्के चांदीच्या पूर्ण वजनाच्या शिलिंगला काटा ०.५४ ते ०.५५ दाखवतो, तांबे-निकेलला ०.६३. पन्नास टक्केवाले या दोन्हींच्या मधे. नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटला तर आकडा वाढतो आणि खरे नाणे खोटे ठरते, म्हणून दोरा हलवून बुडबुडे झटका. नंतर मऊ कापडाने टिपा, घासू नका.

मग दिव्याखाली नाणे हळूहळू फिरवा. न घासलेल्या नाण्यावर चमक चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. घासलेल्यावर एकाच दिशेचे केसासारखे ओरखडे दिसतात आणि चमक मेलेली असते. कडेवर कान किंवा कडी तोडल्याची खूण शोधा. आपल्याकडच्या रुपयांच्या हारांप्रमाणे शिलिंगचेही दागिने झाले आहेत. कडेभोवती सांध्याची रेघ दिसली तर नाणे साच्यात ओतलेले.

घासू नका

देव्हाऱ्यातली चांदी चिंच, रांगोळी किंवा टूथपेस्टने उजळणे ठीक. नाण्याची मात्र त्याने किंमत जाते. काळसर-निळी छटा हा गंधकाचा थर, तो राहू द्यावा. हिरवा चिकट लेप असेल तर तो बहुधा पीव्हीसीच्या पाकिटाचा. शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये नाणे काही मिनिटे बुडवून ठेवावे, खिडकी उघडी आणि आसपास आग नको. नेलपॉलिश काढायचे द्रव चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो.

ठेवायला पॉलिएस्टरची पाकिटे किंवा आम्लरहित कागद. वर्तमानपत्र, रबरबँड आणि लोकर यांतल्या गंधकाने नाणे काळे पडते. कोकणात, मुंबईत डब्यात सिलिका जेल टाकून पावसाळ्यात ते बदलत राहावे.

लिलावाच्या यादीत नाण्यापुढे ‘एस’ आणि क्रमांक दिसतो. तो लंडनच्या स्पिंक पेढीच्या कॅटलॉगमधला. आपल्या वहीत तोच क्रमांक, मोजलेले वजन, दिलेली किंमत आणि तारीख लिहावी.

अकरा पुरी झाली की मागे सरकायला १७८७ चे शिलिंग घ्यावे. ते बँक ऑफ इंग्लंडसाठी पाडले गेले आणि चांगल्या अवस्थेत बऱ्यापैकी मिळते. मागच्या बाजूच्या हॅनोव्हरच्या (इंग्लंडच्या राजाच्या जर्मन राज्याच्या) ढालीत भिंग धरा: काही नाण्यांत तिथे बारीक बदाम (हृदयाचे आकार) विखुरलेले असतात, काहींत नसतात. हे दोन वेगळे प्रकार मानले जातात.