शेअर केलेल्या फोल्डरमध्ये फाइल उघडते, पण सेव्ह होत नाही?

लिनक्स सर्व्हरवर सांबाने (लिनक्सवरचे फोल्डर नेटवर्कवरच्या विंडोज-मॅकला वापरू देणारा प्रोग्रॅम) शेअर केलेला फोल्डर, जोडलेले संगणक काही विंडोजचे, काही मॅक. एकाने ठेवलेली फाइल दुसऱ्याला दिसते, उघडते, सेव्ह मात्र होत नाही. अशा वेळी सगळ्यालाच ७७७, म्हणजे कुणालाही काहीही करायची परवानगी, देऊन मोकळं व्हायचा मोह होतो. तो आवरा. उद्या नवी फाइल आली की रडगाणं तेच, कारण सांबाचा नव्या फाइलींसाठीचा मूळ मास्कच (जास्तीत जास्त किती परवानगी द्यायची, ती मर्यादा) ०७४४ आहे: लिहायची मुभा फक्त मालकाला, बाकीच्यांनी नुसतं वाचायचं.

त्यापेक्षा सगळ्यांना एका ग्रुपमध्ये घ्या आणि फोल्डरही त्याच ग्रुपच्या नावे करा. फोल्डरांना २७७५, आतल्या फाइलींना ६६४ अशी परवानगी द्या: लिहायची मुभा मालकाला आणि ग्रुपला, बाकीच्यांना नुसतं वाचायची. सुरुवातीचा तो २ विसरू नका. त्याच्यामुळेच आत तयार होणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप त्या ग्रुपची होते. मग सांबाच्या कॉन्फिग फाइलमध्ये त्या शेअरखाली ‘क्रिएट मास्क’ ०६६४ आणि ‘डिरेक्टरी मास्क’ २७७५ लिहून सांबा रीलोड करा. जोडलेल्यांना एकदा लॉगआउट करून परत यायला सांगा, ग्रुपमधला बदल चालू सेशनला कळत नाही.

सर्व्हर विंडोजचा असेल, तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधले शेअरिंग आणि सिक्युरिटी हे दोन्ही टॅब तपासा. त्यातलं जे कडक, तेच लागू होतं.