हंगेरियन अभिनेत्रीवर मराठी टिपण लिहायचं असेल तर

नाशिकमध्ये एखाद्या चित्रपट मंडळाच्या खेळाआधी वाटायचं पान असो, सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, वाचून दाखवायचा परिचय असो की दिवाळी अंकातला मजकूर असो, हंगेरियन अभिनेत्रीवर लिहिणारा माणूस बहुधा तिचे चित्रपट मोजायला बसतो. तिथेच गाडी चुकते. बुडापेस्टची नटी आधी कुठल्यातरी नाटकगृहाच्या कायम संचात असते. सकाळी तालीम, संध्याकाळी प्रयोग, मधल्या वेळात रेडिओ किंवा डबिंग, आणि नाटकाच्या तारखा सांभाळून चित्रीकरण, अशी तिची दिनचर्या. म्हणून चारशे शब्दांच्या टिपणात निम्मे शब्द रंगभूमीला ठेवा, उरलेले पडदा आणि आवाज यांत वाटा. आवाजाला शंभर शब्दांपेक्षा कमी देऊ नका, कारण तिकडच्या प्रेक्षकाला तिची ओळख अनेकदा आवाजातूनच झालेली असते.

पहिलं काम नावाचं. एक कोरं कार्ड घ्या आणि नाव जसं छापलंय तसंच, अक्षरांवरच्या तिरक्या रेघांसकट उतरवून घ्या. हंगेरियन नावात शाळेच्या हजेरीपटासारखं आडनाव आधी येतं: तोरोचिक मारी, रुत्काई एवा, गोब्बी हिल्दा. इंग्रजी पानांवर हा क्रम उलटलेला असतो. तिथून उचललं तर एका परिच्छेदात मारी तोरोचिक आणि पुढच्यात यासाई मारी असं होतं, आणि वाचणाऱ्याला ‘मारी’ एकीकडे नाव आणि दुसरीकडे आडनाव वाटतं. मराठीत हंगेरियन क्रमच ठेवा आणि पहिल्या ओळीत तसं सांगून टाका.

नावाच्या शेवटी ‘ने’ दिसलं की थांबा. तो ‘ची बायको’ या अर्थाचा प्रत्यय आहे. देरीने म्हणजे देरी यांची पत्नी. ही सेपपाताकी रोझा (१७९३–१८७२), हंगेरियन भाषेतल्या रंगभूमीच्या सुरुवातीच्या काळातली गायिका-अभिनेत्री, नवऱ्याच्या नावानेच इतिहासात राहिली. ‘देरीने’ हे तिचं स्वतःचं नाव समजून ‘कुमारी देरीने’ लिहिलं की हसं होतं. ब्लाहा लुय्झाचं ब्लाहा हे आडनावही पहिल्या नवऱ्याचं. आडनावाच्या शेवटचा ‘ई’ मात्र वेगळा. तो आपल्या ‘कर’सारखा गावाशी जोडतो. सेगेदी म्हणजे सेगेदकर, जसं आपलं नाशिककर. पण ‘ई’ दिसला की गाव शोधायला निघू नका. रंगभूमीसाठी नाव बदलणं तिथे नेहमीचं होतं. यासाई मारी जन्माने क्रिप्पेल, रुत्काई एवा जन्माने रुस, कारादी कातालिन जन्माने कान्त्झलेर. जन्मनाव एकदाच, जन्मतारखेजवळ द्या. पुढे रंगभूमीवरचंच नाव वापरा.

आता उच्चार. याला वेळ द्यावाच लागतो. सुदैवाने इंग्रजीपेक्षा मराठी इथे जास्त कामाला येते. नुसता एस म्हणजे ‘श’. एस आणि झेड जोडून आले की ‘स’. म्हणून साबो, आणि म्हणूनच बुडापेस्टचा तिथला उच्चार बुदापेश्त. सी आणि एस मिळून ‘चहा’तला च, तर एकटा सी म्हणजे ‘चोर’मधला च. हे दोन च मराठी कानाला आयतेच ठाऊक असतात. झेड आणि एस मिळून येणारा ध्वनी मात्र आपल्याकडे नाही. ‘श’ म्हणताना घसा घुमवला की जवळ पोचता येतं, लिहिताना ‘झ’ चालतो. जी आणि वाय मिळून ‘विद्या’मधला द्य होतो, म्हणून दिग्दर्शकाचं नाव माआर द्युला. त्याला ग्युला केलं की चुकलं. एल आणि वाय मिळून नुसता ‘य’, म्हणून माक्क कारोय आणि बोर्बेय आलेक्सांद्रा. जे अक्षर नेहमी ‘य’: बायोर गिझी, यासाई. एन आणि वाय म्हणजे ‘न्य’: पोगान्य युदित. टी आणि डी दंत्य आहेत, ‘त’ आणि ‘द’. इंग्रजीच्या सवयीने ‘हिल्डा’ आणि ‘ज्युडिट’ होतात, ते आठवणीने दुरुस्त करा.

रेघ नसलेला ए तिकडे ‘ऑ’कडे झुकतो, रेघ असलेला सरळ ‘आ’. कानाला धरून लिहायचं तर मॉरी, कॉरादी असं लिहावं लागेल. पण पानभर ऑ-ऑ वाचून माणूस वैतागतो. आमचं मत असं की मजकुरात ‘आ’ ठेवावा आणि मुख्य नावाचा कानी पडणारा उच्चार पहिल्या ओळीतच एकदा द्यावा. ओ आणि यू वर दोन टिंबं किंवा दोन रेघा असल्या तर ओठांचा चंबू करून ‘ए’ आणि ‘ई’ म्हणायचं. लेखनात ‘ओ’ आणि ‘उ’ पुरे. जोर नेहमी पहिल्या अक्षरावर. मराठीत रुळलेलं ‘बुडापेस्ट’ तसंच राहू द्या. प्शोता इरेन हे आडनाव ‘सोटा’ झालेलं दिसतं ते प आणि श एकत्र म्हणायला जड जातं म्हणून. तेवढं कष्टाने म्हणा.

कार्डावर तीन रकाने आखा: रंगभूमी, पडदा, आवाज. रंगभूमीच्या रकान्यात पहिली नोंद शिक्षणाची. बुडापेस्टचं नाट्य आणि चित्रपट विद्यापीठ १८६५ साली अभिनयशाळा म्हणून सुरू झालं, आणि बहुतेक नट्यांच्या माहितीत तिथलं उत्तीर्ण होण्याचं वर्ष असतं. त्याच्या शेजारी पहिला संच. संचांची नावं भाषांतरित करू नका. व्हीगसीनहाझ (१८९६) हे नाव आहे, ‘विनोदी नाटकगृह’ म्हटलं तर वाचणाऱ्याला तिथे फार्सच चालतात असं वाटेल. नेम्झेती सीनहाझला ‘राष्ट्रीय नाटकगृह’ म्हणायला हरकत नाही. हे १८३७ मध्ये दुसऱ्या नावाने उघडलं आणि १८४० मध्ये राष्ट्रीय झालं. नाशिकचं सावाना सुरू झालं ते याच १८४० साली. स्थानिक वाचकाला काळ दाखवायला एवढी जोड पुरते.

तिथला रंगभूमीचा हंगाम शरदात सुरू होऊन पुढच्या उन्हाळ्यात संपतो, म्हणून वर्षं १९५६/५७ अशी जोडीने लिहिलेली असतात. त्यातलं एकच उचललं तर भूमिका वर्षभर पुढेमागे सरकते. हंगाम जोडीनेच लिहा. शुभारंभाच्या प्रयोगाची नेमकी तारीख सापडली तरच एकटं वर्ष द्या. प्रयोगांच्या आकड्यावर मात्र जाऊ नका. नाशिकच्या कालिदास कलामंदिरात पाचशेवा प्रयोग म्हणजे काय ते आपल्याला कळतं, पण तिथे एकाच नाटकगृहात रोज वेगळं नाटक लागतं आणि एखादी भूमिका महिन्यातून मोजक्याच वेळा होत राहून वर्षानुवर्षं चालते. त्या भूमिकेचं वजन प्रयोगांच्या संख्येत येत नाही, ते किती हंगाम टिकली यात येतं.

पडद्याच्या रकान्यात तीन वर्षांची गल्लत होते: निर्मितीचं, प्रदर्शनाचं, महोत्सवाचं. तोरोचिक मारीला (१९३५–२०२१) कान महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार १९७६ मध्ये मिळाला, चित्रपट १९७५ चा. त्याचं नाव देरीनेला हाक मारतं: ‘देरीने, होल व्हान?’ मराठीत ‘देरीने, तू कुठेस?’ असं करू नका. हंगेरियनमध्ये आदरार्थी बोलताना क्रियापद तृतीय पुरुषी येतं, आणि इथे तेच आहे. ‘देरीनेबाई, कुठे आहात?’ हे बरोबर. आणखी एक खड्डा: हंगेरियन चित्रपटातली नायिका हंगेरियनच असेल असं नाही. १९८२ मध्ये माक्क कारोय यांच्या हंगेरियन चित्रपटासाठी कानचा हाच पुरस्कार मिळवणारी यादविगा यान्कोव्स्का-चेश्लाक पोलिश आहे. अशा ठिकाणी पडद्यावरचा चेहरा आणि कानावरचा आवाज एकाच बाईचा आहे का, हे आधी तपासा.

आवाजाचा रकाना रिकामा राहतो तो माहिती नसते म्हणून नाही, तर शोध चुकीच्या शब्दाने होतो म्हणून. डबिंगला तिकडे ‘सिंक्रोन’ म्हणतात. अभिनेत्रीच्या नावापुढे हा शब्द हंगेरियन स्पेलिंगने (szinkron) टाकून शोधा, आणि परदेशी नटीला कुणी आवाज दिला हे हवं असेल तर ‘माद्यार हांग्या’ (magyar hangja), म्हणजे ‘हंगेरियन आवाज’, हे शब्द त्या परदेशी नटीच्या नावापुढे जोडा. सापडलेल्या प्रत्येक नोंदीला डबिंगचं वर्ष लावा. एकाच चित्रपटाचं दोनदा-तीनदा डबिंग झालेलं असतं, आणि ‘अमुकीचा आवाज’ म्हणून लिहिलं की दुसऱ्या आवृत्तीत दुसरीच निघते.

कार्टूनचं डबिंग हलकं काम समजून वगळू नका. ‘फ्लिंटस्टोन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेची हंगेरियन आवृत्ती रोम्हान्यी योझेफ यांनी यमकांत लिहिली. त्यात विल्माचा आवाज प्शोता इरेनचा, जी रंगभूमीवरची मोठी नटी. यमक सांभाळून पडद्यावरच्या ओठांशी जुळवायचं हे काम किती अवघड, ते कीर्तनात आर्या म्हणणाऱ्याला विचारा. १९८१ च्या ‘वुक’ या ॲनिमेशनपटात कोल्ह्याच्या पिल्लाला पोगान्य युदितने आवाज दिला. आणि रेडिओ: ‘साबो कुटुंब’ ही मालिका १९५९ ते २००७ चालली. तीत साबो काकूंचा आवाज होता गोब्बी हिल्दाचा (१९१३–१९८८). साबो म्हणजे शिंपी. हे सांगितलं की मराठी श्रोता लगेच जवळ येतो, कारण आडनावात धंदा आपल्याकडेही असतो.

भाषांतराचं यंत्र वापरलं तर प्रत्येक सर्वनाम तपासा. हंगेरियनमध्ये ‘तो’ आणि ‘ती’ला एकच शब्द आहे, त्यामुळे यंत्र अभिनेत्रीला बिनदिक्कत ‘तो’ करतं. मराठीत तर क्रियापदालाही लिंग लागतं, म्हणून एक चूक पाच ठिकाणी पसरते. नटासाठीचा सामान्य शब्दही बाईला वापरला जातो, त्यामुळे पुरस्कारांच्या यादीत कुणी पुरुष असल्यासारखं दिसतं. तारखा वर्ष, महिना, दिवस या क्रमाने येतात: १९३५. ११. २३. म्हणजे २३ नोव्हेंबर १९३५. दिवस बारापर्यंतचा असेल तर हीच चूक लपून बसते. आणखी एक जोडगोळी सांभाळा: यासाई मारी आणि ब्लाहा लुय्झा, दोघींचीही वर्षं १८५०–१९२६. टाइप करणाऱ्याला ही नक्कल वाटते आणि तो एक खोडतो. दोन्ही बरोबर आहेत. एक शोकांतिकांची नटी, दुसरी ‘राष्ट्राची कोकिळा’ म्हटली गेलेली गायिका. कोकिळा हे आपलं भाषांतर. मूळ शब्द नाइटिंगेलचा आहे, पण त्याला बुलबुल म्हटलं तर मराठी कान दुसरीकडेच जातो.

पुरस्कार पाचच लक्षात ठेवा. यासाई मारी पुरस्कार १९५३ पासून, तो मुख्यतः रंगभूमीचा. कोशुत पुरस्कार १९४८ पासून, तो सरकारचा मोठा सन्मान, कलेपलीकडच्या क्षेत्रांतही दिला जातो. ‘गुणी कलावंत’ आणि ‘श्रेष्ठ कलावंत’ या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, एकीला दुसरी समजू नका. ‘राष्ट्राचा नट’ ही पदवी २००० मध्ये सुरू झाली. एका वेळी बाराच जण, म्हणून एखाद्याचं नाव आत आलं की आधीच्या जागेचं काय झालं तेही पाहा. ‘हंगेरीची पद्मश्री’ असली तुलना टाळा, ती कुठल्याच पुरस्काराला लागू पडत नाही.

लिहून झालं की पान एकदा उभं राहून वाचा. ज्या नावावर जीभ अडखळते तिथे लेखनच चुकलेलं असतं, किंवा निवेदकाला उच्चाराचा सराव दिलेला नसतो. निवेदकाच्या प्रतीत नाव मोठ्या अक्षरात, पहिल्या अक्षराखाली रेघ, आणि सांगायचं नसलेलं जन्मनाव पूर्ण खोडलेलं. कंसात ठेवलं तर तो ते वाचतोच. छापायला देताना युनिकोड मजकूर द्या. जुन्या फाँटात रूपांतर करताना ‘ऑ’ आणि जोडाक्षरातला ‘द्य’ सगळ्यात आधी फुटतात, आणि माआर द्युला पुन्हा भलताच कुणी होऊन पानावर उतरतो.