लग्नाच्या फोटोंचं एडिटिंग बाहेर कधी द्यावं?

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि एकट्याने काम करणाऱ्या लग्न-फोटोग्राफरच्या हार्ड डिस्क भरू लागतात. हळदीपासून रिसेप्शनपर्यंत चार-पाच हजार फ्रेम सहज होतात. मदत घ्यायची वेळ आली का, हे थकव्यावरून ठरवू नका, तास मोजा.

सलग तीन लग्नांचे तास निवड, रंगदुरुस्ती आणि अल्बम अशा तीन रकान्यांत लिहा. निवडलेल्या ८०० फोटोंच्या रंगदुरुस्तीला प्रत्येकी दीड मिनिट धरलं तर २० तास होतात. ३० शीटचा अल्बम, शीटला ४० मिनिटं, म्हणजे आणखी २० तास. महिन्यात चार लग्नं असली तर नुसत्या बसकामाचेच १६० तास झाले. तारीख मोकळी असूनही ‘आधीचं काम पडून आहे’ म्हणून तुम्ही एखादं लग्न नाकारलंत, तर ती सर्वांत पक्की खूण. लागोपाठ दोन अल्बम ठरल्या तारखेनंतर गेले, ही दुसरी.

आता पैशांचा हिशेब. समजा, बाहेरचा एडिटर फोटोमागे ८ रुपये घेतो. ८०० फोटोंचे ६,४०० रुपये. त्याचं काम तपासायला तुमचे तीन तास जातील, म्हणजे वाचले १७. तासाला साधारण ३७६ रुपये पडले. त्या १७ तासांत याहून जास्त मिळवून देणारं काम खरोखर हातात असेल तरच द्या. चातुर्मासात डायरी रिकामी असते, तेव्हा स्वतःच करा. एडिटर पारखायलाही तेच दिवस चांगले: जुन्या लग्नातले ५० फोटो पैसे देऊन करून घ्या. पाचांहून जास्त पुन्हा करावे लागले तर दुसरा शोधा.

आधी रंगदुरुस्ती द्या, मग अल्बमची मांडणी. निवड मात्र देऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. अंतरपाट दूर होतानाची किंचित हललेली फ्रेम परका माणूस टाकून देईल. त्याच फ्रेमच्या कडेला आजी डोळे पुसत असते, हे त्याला कुठून कळणार?

मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातून आलेली, प्रक्रिया न झालेली) पाठवू नका. लाइटरूम क्लासिक या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये निवडलेल्या फोटोंचे स्मार्ट प्रीव्ह्यू, म्हणजे मूळ फाइलशिवाय एडिट करता येणाऱ्या लहान प्रती, बनवा आणि ‘एक्स्पोर्ट ॲज कॅटलॉग’मध्ये (कॅटलॉग म्हणजे एडिटिंगच्या नोंदींची फाइल) फक्त तेच जोडा. त्यांची लांब बाजू २,५६० पिक्सेलपर्यंत असते. रंगासाठी ते पुरतं, बारीक फोकस मात्र त्यावर तपासता येत नाही. कॅटलॉग परत आला की ‘इम्पोर्ट फ्रॉम अनदर कॅटलॉग’ वापरून फक्त मेटाडेटा (फोटोची माहिती) आणि डेव्हलप सेटिंग्ज (रंग-उजेडाचे बदल) बदला. मधल्या काळात तुम्ही त्याच फोटोंवर केलेले बदल यात पुसले जातात, म्हणून तोवर त्यांना हात लावू नका.

सोबत तुमच्या हातचे १५-२० तयार फोटो नमुन्याला द्या: उन्हातली हळद, पिवळ्या दिव्यांचा मांडव, रात्रीचं रिसेप्शन. हळदीचे फोटो सर्वाधिक बिघडतात. ऑटो व्हाइट बॅलन्सला, म्हणजे रंगाचा तोल आपोआप साधणाऱ्या सोयीला, तो पिवळेपणा चूक वाटतो, तो रंग निळ्याकडे ओढतो, आणि हळद फिकी, त्वचा राखाडी दिसते. हळदीला ऑटो वापरायचं नाही, हे लिहूनच द्या.

अल्बमसाठी १२ बाय ३६ इंची शीट असेल तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १०,८०० बाय ३,६०० पिक्सेल लागतात. चेहरा मधल्या घडीवर येता कामा नये. एडिटरकडून लेअर (सुटे थर) असलेली पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची मूळ फाइल, मागून घ्या, नाहीतर नावातली एक वेलांटी बदलायलाही पुन्हा त्याच्याकडे जावं लागेल. फोटोशॉपच्या २०२२ आधीच्या जुन्या आवृत्तीत मजकुराला ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडलेलं नसलं तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षरामागे जाऊन बसते. छपाईला देण्यापूर्वी वधू-वरांची नावं लग्नपत्रिका समोर ठेवून, अक्षर न् अक्षर जुळवा.