सीबीडी तेल घ्यायचं म्हणताय? आधी बाटलीचं गणित मांडा

मागच्या दिवाळीत मावशीकडे गेलो, तर तिच्या औषधांच्या डब्यात एक नवी बाटली दिसली. "गुडघ्यांसाठी आहे. सीबीडी म्हणतात त्याला. रोज चमचाभर घेते," मावशी म्हणाली. मी लेबल वाचलं. ते भांगेच्या बियांचं तेल होतं. त्यात सीबीडी, म्हणजे भांगेच्या झाडातला नशा न चढवणारा पदार्थ, असून नसल्यासारखं; थोडक्यात, जवस किंवा तिळाच्या तेलासारखं साधं खायचं तेल. शेजारीच रक्त पातळ करायच्या गोळ्यांची पट्टी होती. ती बघून वाटलं, बाटलीत सीबीडी नव्हतं तेच बरं झालं. असं का म्हणतो, ते पुढे येईलच.

नव्याने सुरुवात करणाऱ्या बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो, म्हणून मी ज्या क्रमाने मावशीला समजावलं त्याच क्रमाने सांगतो.

पायरी १: झाड एक, पदार्थ दोन

भांग, गांजा, चरस, हेम्प ही एकाच झाडाची घराणी. त्यातले दोन पदार्थ आपल्या कामाचे. टीएचसीने नशा चढते, सीबीडीने चढत नाही. इस्रायलच्या राफाएल मेशूलम यांनी 1963 मध्ये सीबीडीची आणि पुढच्याच वर्षी टीएचसीची रासायनिक रचना उलगडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही शुद्ध सीबीडीची चटक लागत नाही असंच मत दिलं आहे. यातला 'शुद्ध' हा शब्द लक्षात ठेवा, बाजारातल्या बाटलीला तो दरवेळी लागू पडत नाही.

पायरी २: कशासाठी घेताय, ते एका ओळीत लिहा

"तब्येतीसाठी" हे उत्तर चालणार नाही. झोप, भीती, गुडघा, जे काही असेल ते नेमकं लिहा, कारण प्रत्येकाचा पुरावा वेगळा आहे.

सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो लहान मुलांच्या काही हट्टी अपस्मारांत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टो या दोन आजारांसाठी एपिडिओलेक्स हे शुद्ध सीबीडीचं औषध मंजूर केलं. गंमत म्हणजे याचं एक टोक आपल्याकडे आहे. 1839 मध्ये कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने आकडीने बेजार झालेल्या एका तान्ह्या बाळाला भांगेचा अर्क देऊन त्याची नोंद छापली होती. अर्थात आजही हे काम मेंदूविकारतज्ज्ञाचंच. घरच्या बाटलीतले थेंब मुलाला देऊ नयेत, आणि चालू असलेली आकडीची गोळी तर मुळीच बंद करू नये.

भीती आणि घबराटीबद्दल थोडा आशेचा पुरावा आहे. ब्राझीलमधल्या छोट्या प्रयोगांत, भाषण करायच्या आधी 300 मिलिग्रॅम घेतलेल्यांची घबराट कमी झाली. त्याहून कमी किंवा जास्त मात्रेने तसं झालं नाही. हा 300चा आकडा लक्षात असू द्या.

गुडघ्याचं मात्र मावशीला ऐकवणं जड गेलं. व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी गुडघे झिजलेल्या रुग्णांना पॅरासिटामॉलच्या जोडीने रोज 600 मिलिग्रॅम सीबीडी आठ आठवडे दिलं. 2023 मध्ये निकाल आला: सीबीडी नसलेल्या दिखाऊ औषधाच्या तुलनेत जास्तीचा आराम नाही.

पायरी ३: गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा

घाईत वाचत असाल, तर निदान एवढी पायरी नीट वाचा. आपण घेतो त्यातली बरीच औषधं यकृतातली जी विकरं (एन्झाइम) फोडतात, त्यांच्याच वाटेत सीबीडी आडवं येतं. मग औषध शरीरात नेहमीपेक्षा जास्त साठतं. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरीनच्या बाबतीत हे दिसून आलं आहे, आणि रक्त जास्त पातळ झालं तर रक्तस्रावाचा धोका असतो. क्लोबाझाम हे आकडीचं औषध घेणाऱ्यांना गुंगी वाढते. व्हॅलप्रोएट या आकडीच्याच दुसऱ्या औषधासोबत यकृताच्या रक्ततपासणीतले आकडे चढतात. मूत्रपिंड बदललेल्यांना शरीराने ते नाकारू नये म्हणून देतात त्या टॅक्रोलिमसची रक्तातली पातळीही वाढते.

आपल्याकडे "आयुर्वेदिक आहे, त्यात काय सांगायचं" म्हणून ही गोष्ट डॉक्टरांपासून लपते. सांगा. ते रागावले तरी सांगा. गर्भारपणात आणि बाळ अंगावर पीत असताना घेऊ नका. यकृताचा त्रास असेल तर आधी रक्ततपासणी करा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

पायरी ४: बाटली कोणत्या जातीची, ते ओळखा

भारतात दोन जाती दिसतात. पहिली बियांच्या तेलाची, म्हणजे मावशीची. उत्तराखंडातल्या कुमाऊंमध्ये भांगेच्या बियांची चटणी पिढ्यानपिढ्या खातात आणि कोणालाही काही चढत नाही. 2021 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने या बिया, त्यांचं तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. तेलात टीएचसी किलोला 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको आणि सीबीडी किलोला 75 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असा नियम आहे. गणित करा: मावशीच्या चमच्यात फार तर पाव-अर्धा मिलिग्रॅम सीबीडी.

दुसरी जात 'विजया' नावाने मिळते. विजया हे भांगेचं आयुर्वेदातलं नाव. 1985च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा आणि चरस येतात, पण फुलोऱ्याच्या शेंड्याशिवायची नुसती पानं आणि बिया व्याख्येतून वगळल्या आहेत. त्या फटीतून पानांच्या अर्काची आयुष परवान्याची औषधं निघतात. आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांच्या सरकारी यादीत भांग असल्यामुळे, ती वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावीत अशी सूचना लेबलवर असावी लागते. म्हणून वैद्याची चिठ्ठी घ्या, बिल जपून ठेवा. आणि एक लक्षात घ्या, पानांच्या अर्कात टीएचसीही असतं, कधी सीबीडीच्या बरोबरीने. असं तेल घेऊन स्कूटरला किक मारू नका. नोकरीत लघवीची तपासणी होत असेल, तर हा नाद नकोच.

पायरी ५: लेबलचं गणित

बाटलीवर मोठ्या अक्षरांत '3000 मिलिग्रॅम' असतं. कसले? बहुतेकदा अर्काचे. अर्कात सीबीडी किती, ते वेगळं. विक्रेत्याकडून त्याच बॅच क्रमांकाचा तपासणी अहवाल मागा. त्यात सीबीडी आणि टीएचसी दर मिलिलीटरला किती, शिसं-कॅडमियमसारखे जड धातू, कीटकनाशकं एवढं तरी हवं. हे झाड जमिनीतले धातू भराभर शोषतं, म्हणून धातूंचा रकाना महत्त्वाचा. अहवाल नसेल तर बाटली परत मांडणीवर ठेवा. हा अतिसावधपणा वाटत असेल तर ऐका: अमेरिकेत ऑनलाइन विकत घेतलेली 84 उत्पादनं संशोधकांनी तपासली, 2017 मध्ये निकाल छापला. लेबलशी जुळली फक्त 26. आणि 18 मध्ये टीएचसी सापडलं.

आता थेंबांचं. समजा 30 मिलिलीटरच्या बाटलीत खरोखर 1000 मिलिग्रॅम सीबीडी आहे. म्हणजे मिलिलीटरला 33. एका मिलिलीटरचे साधारण 20 थेंब धरले, तर थेंबाला दीड मिलिग्रॅमच्या थोडं वर. ब्राझीलच्या प्रयोगाइतकं रोज घ्यायचं ठरवलं, तर बाटली चौथ्या दिवशी सकाळी कोरडी. "दोन थेंबांत चिंता गायब" म्हणणाऱ्याला हा हिशेब विचारून बघा.

पायरी ६: घ्यायचं ठरलंच, तर

डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं आणि टीएचसी जवळपास शून्य असलेली बाटली मिळाली, तर रात्रीच्या जेवणानंतर 5 मिलिग्रॅमने सुरू करा, म्हणजे वरच्या बाटलीचे तीन थेंब. जेवणानंतरच, कारण सीबीडी स्निग्धात विरघळतं. उपाशीपोटी घेण्यापेक्षा तुपातेलाच्या जेवणासोबत ते चारपट शोषलं जातं. त्यामुळे आज उपास आणि उद्या पुरणपोळीवर तूप असं झालं, तर तेवढ्याच थेंबांचा परिणाम वेगळा दिसेल.

आठवडाभर मात्रा बदलू नका. रोज घेतलेलं सीबीडी अंगातून हळूहळू बाहेर पडतं, त्यामुळे खरा अंदाज यायला दिवस लागतात. मग हवं तर 10 वर जा आणि तिथेच थांबा. ब्रिटनच्या अन्न प्रशासनाने 2023 मध्ये निरोगी प्रौढांसाठी रोजची मर्यादा 70 वरून 10 मिलिग्रॅमवर आणली, ती यकृताच्या काळजीपोटी. त्यापुढची मात्रा डॉक्टरांनी ठरवायची.

एका वहीत रोज तीनच गोष्टी लिहा: किती घेतलं, झोप किंवा दुखणं दहापैकी किती, पोट कसं आहे. जुलाब, भूक मरणं, पेंग हे नेहमीचे त्रास. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर थेंब बंद करून लगेच दवाखाना गाठा. दारूसोबत तर नकोच.

पायरी ७: प्रवासात बाटली घरी

न्यू जर्सीच्या भाच्याकडे ही बाटली किराणा दुकानात मिळते, म्हणून त्याने येताना पिशवीत टाकू नये. तुम्हीही दुबई किंवा सिंगापूरला जाताना नेऊ नका. तिथले कायदे फार कडक आहेत, आणि विमानतळावर आयुर्वेदाचा दाखला कोणी विचारणार नाही.

सहा आठवड्यांनी वही उघडा. आकडे हलले नसतील तर दुसरी बाटली आणू नका. मावशीच्या बाबतीत वहीपर्यंत गोष्ट गेलीच नाही. तिच्या डॉक्टरांनी वॉरफरीनचं नाव वाचूनच नकारार्थी मान हलवली आणि मांडीचे व्यायाम लिहून दिले. उरलेलं तेल तिने कोशिंबिरीत संपवलं.