रोजा पक्का, पण राग सुटत नाही? या चुका टाळा

रमजान जवळ आला की घरोघरी खजूर, शेवया, बेसन सगळं भरून ठेवतात, सहेरीचे (पहाटेच्या जेवणाचे) अलार्म लावतात, पण ज्याच्यासाठी हा महिना आहे त्या सबरची, म्हणजे संयमाची, तयारी फारच कमी लोक करतात असं माझं तरी मत आहे. कुराणातल्या सूरह बकराच्या 183 व्या आयतीत रोजा फर्ज (सक्तीचा) झाल्याचं सांगितलंय अन् कारण पण तिथंच आहे, तुमच्यात तकवा यावा म्हणून. म्हणजे अल्लाह पाहून राहिला आहे हे ध्यानात ठेवून स्वतःला आवरणं. पोट आवरतं हो, ते सोपं आहे, गाडी अडते ती पुढं.

"रोजा है मेरा" हे दुसऱ्याला ऐकवणं

असरची (दुपारनंतरची) नमाज झाल्यावर नागपूरच्या मोमीनपुऱ्यात एक चक्कर मारा. हातगाड्यांवर टरबुजाच्या फोडी, भजे, समोसे, गाड्या आडव्यातिडव्या लावलेल्या, मागून हॉर्न, अन् त्या गर्दीत कोणीतरी फळवाल्यावर भडकलेला असतोच, "रोजा है मेरा, दिमाग मत खराब कर!" आता गंमत पाहा, बुखारी अन् मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हदीस (पैगंबरांचं वचन) आहे की रोज्यात कोणी शिवी दिली नाहीतर भांडायला आला तर म्हणावं, मी रोजेदार आहे. हे वाक्य स्वतःला ब्रेक लावायला दिलंय आणि आपण त्याची धमकी करून टाकली. बुखारीतच दुसरी हदीस आहे, जो खोटं बोलणं अन् तसं वागणं सोडत नाही त्याच्या खाणंपिणं सोडण्याची अल्लाहला गरज नाही. ही वाचली की मला तरी फळवाल्यापेक्षा गिऱ्हाइकाची काळजी वाटते.

करायचं काय? तुमचा राग कोणत्या टायमाला सुटतो ते आधी पकडा. बहुतेकांचा असर ते मगरिबच्या (सूर्यास्ताच्या नमाजच्या) मध्ये, साखर खाली गेलेली, चहा नाही, झोप अर्धी. मग त्या टायमाला उधारी मागायला जाऊ नका, भावाशी प्लॉटचा विषय काढू नका, पोराची मार्कशीट तराबीनंतर (रात्रीच्या नमाजनंतर) पाहिली तरी मार्क तेवढेच राहतात. फळं दुपारीच आणून ठेवा. तरी राग आलाच तर अबू दाऊद या संग्रहातली हदीस कामाची आहे, उभा असाल तर बसा, तरी उतरला नाही तर आडवे व्हा. आता सीताबर्डीच्या सिग्नलवर बाईकवर आडवं कसं होणार, तर गाडी साइडला घ्या अन् दोन मिनिटं काहीच बोलू नका, गप्प राहणं हे पण हदीसमध्येच आलंय. कुस्तीत पाडणारा पहिलवान नाही, रागात स्वतःला सांभाळतो तो पहिलवान, ही हदीस तर सगळ्यांना पाठ असते, बयानात (प्रवचनात) ऐकून मान पण डोलवतो आपण.

खर्रा

नागपूरचं म्हटल्यावर हे लिहावंच लागते. एका हातात खजूर अन् दुसऱ्या हातात खर्र्याची (तंबाखू-सुपारीची) पन्नी, अजान संपायच्या आत. दिवसभर जी चिडचिड होते ना, तिच्यातली बरीचशी भुकेची नसते, तंबाखू अन् चहा तुटल्याची असते. डोकं दुखते ते पण बरेचदा त्याच्यानंच. उपाय एकच, शाबान (रमजानच्या आधीचा महिना) लागला की कमी करायला घ्या, सहा कप चहा पिणाऱ्यानं तीनवर यावं, खर्रा अर्धा करावा, पहिल्या रोज्याला एकदम बंद केलं की घरच्यांचे हाल होतात. आणि दिवसभर तुम्ही त्याच्याशिवाय राहू शकता हे तर रोज सिद्ध होऊनच राहिलं आहे, मग मगरिबनंतर "भाऊ सुटतच नाही" हे कोणाला सांगता?

इफ्तारला दिवसभराची वसुली

जुने धर्मपंडित इमाम गजालींनी त्यांच्या एहया या पुस्तकात हे स्पष्ट लिहून ठेवलंय, ते वारले 1111 मध्ये, म्हणजे नऊशे वर्षांपासून ही तक्रार चालू आहे. दुपारचं राहिलेलं पण रात्रीच्या ताटात घेतलं तर नफ्सची (मनातल्या हावेची) ताकद कमी कशी होणार, असं त्यांचं म्हणणं. तिरमिजी या हदीससंग्रहातला हिशोब ठेवा, पोटाचा एक भाग खाणं, एक पाणी, एक श्वासासाठी. खजूर-पाणी घ्या, मगरिब पढा, मग जेवायला बसा, मधल्या दहा मिनिटांत अर्धी भूक आपोआप शांत होते. नाहीतर तराबीत चौथ्या रकातला (नमाजच्या फेरीला) डुलक्या.

रात्रभर रील्स पाहून सहेरी करून झोपणं अन् जोहरला (दुपारच्या नमाजला) उठणं, याच्यावर जास्त काय लिहू, तुम्हाला माहीतच आहे.

दुसऱ्याचा रोजा मोजणं

"आज रोजा नाही का?" हा प्रश्न ऑफिसमध्ये, घरात, जिन्यात कोणालाही विचारू नका. बायांना पाळीच्या दिवसांत रोजा नसतो, कोणाची तब्येत ठीक नसते, कोणी प्रवासात असते, त्यांनी सगळ्यांना का सांगत बसावं. सूरह हुजुरातमध्ये एकाच आयतीत दुसऱ्याची टेहळणी अन् गीबत (पाठीमागे वाईट बोलणं) दोन्हीला मनाई आहे, अन् आपल्याकडे या दोन गोष्टी सोबतच होतात, आधी विचारायचं मग शेजारी सांगायचं.

तब्येत लपवून रोजा ठेवणं

शुगरवाले चाचा लोक हे फार करतात. अरे, कुराणातच आजारी माणसाला सूट आहे, नंतर दुसऱ्या दिवसांत पूर्ण करा म्हटलंय अन् लगेच म्हटलंय की अल्लाहला तुमच्यासाठी सोपं पाहिजे, अवघड नाही. रमजानच्या आधीच डॉक्टरकडे जाऊन गोळ्यांचे, इन्सुलिनचे टाइम बदलून घ्या, दिवसा मशीनवर शुगर तपासली तर रोजा तुटत नाही. 70 च्या खाली गेली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा सोडा, तिथं सबर दाखवायची जागा नाही. 2018 ला रमजान मे-जूनमध्ये होता तेव्हाचं नागपूरचं ऊन आठवा, आता दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी तो मागं सरकत हिवाळ्याकडे चालला आहे, पण शुगरला ऊन-थंडी सारखीच.

एकदा चुकलं म्हणून सगळंच सोडणं

"सकाळीच भांडण झालं, आता काय रोज्याचा सवाब (पुण्य) राहिला" म्हणून दिवसभर मग तोंड मोकळं सोडायचं, हा नफ्सचा जुना डाव आहे. सूरह कियामात नफ्स-ए-लव्वामाची कसम आहे, स्वतःला टोचणारं मन, म्हणजे टोचलं तर चांगलंच आहे, आत काहीतरी जिवंत आहे. इस्तिगफार करा (अल्लाहची माफी मागा) अन् ज्याच्यावर ओरडले त्याला जाऊन माफी मागा, फळवाला असला तरी. रोजा आहे हे विसरून पाणी प्यायलं तर रोजा तुटतच नाही, आठवल्यावर थांबायचं अन् पुढं चालू.

ईदनंतरचं सांगायचं तर एकदम मोठे संकल्प नका करू. थोडं का होईना पण कायम चालणारा अमल (चांगलं काम) अल्लाहला जास्त आवडतो, हजरत आयशांकडून आलेली हदीस आहे. शव्वालचे (ईदच्या महिन्याचे) सहा रोजे जमले तर ठेवा, नाहीतर महिन्यात एखादा सोमवार किंवा गुरुवार. त्या दिवशी ना मोमीनपुऱ्याची गर्दी असते ना घरी भजे, ऑफिसात डबा उघडलेला असतो, सावजी रश्श्याचा वास येऊन राहिला असतो, तिथं खरी परीक्षा. आणि फर्जचे सुटलेले रोजे डायरीत तारखेसकट लिहून ठेवा, लक्षात राहतील म्हणू नका, डिसेंबर-जानेवारीत दिवस लहान असतो, बारा-साडेबारा तासांत होऊन जातात.