साथीच्या काळात आरोग्याची उद्दिष्टे ठरवताना या चुका टाळा

साथीच्या आराखड्यात सर्वांत जास्त फसवणारा आकडा म्हणजे बाधितांची टक्केवारी. समजा, नागपूरच्या सतरंजीपुरा झोनमध्ये एका आठवड्यात १,००० आरटीपीसीआर तपासण्या झाल्या आणि १०० जण बाधित निघाले, तर प्रमाण १० टक्के. पुढच्या आठवड्यात तेवढ्याच तपासण्यांत तेवढेच बाधित सापडले, पण लक्षणे नसलेल्या १,००० दुकानदारांची रॅपिड अँटिजेन चाचणीही करून घेतली आणि त्यात २० बाधित आढळले, तर प्रमाण थेट ६ टक्क्यांवर येते. संसर्ग मात्र तसूभरही हटलेला नसतो.

राज्य शासनाने जून २०२१ मध्ये कोरोनाच्या निर्बंधांचे पाच स्तर ठरवताना बाधितांचे प्रमाण आणि ऑक्सिजन खाटांचा वापर हे निकष घेतले. त्याच महिन्याच्या अखेरीस, प्रमाण केवळ आरटीपीसीआरवरून काढावे, असा आदेश काढावा लागला. म्हणून उद्दिष्टाच्या शेजारीच चाचणी कोणती, कोणाची आणि किती दिवसांची सरासरी, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. तारीख नमुना घेतल्याची की अहवाल आल्याची, हेही लिहा. कारण सोमवारच्या स्वॅबची नोंद गुरुवारच्या तक्त्यात पडू लागली, की प्रयोगशाळेत तुंबलेले काम साथीची उसळी भासू लागते.

खाटांच्या हिशेबातली चूक याहून महागात पडते. मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत शहराबरोबरच अवघ्या विदर्भातून आणि सीमेपलीकडच्या छिंदवाडा, शिवनी, बालाघाटहूनही रुग्ण येतात, त्यामुळे केवळ शहराच्या लोकसंख्येवर बेतलेले उद्दिष्ट लाट चढू लागताच तोकडे पडते. रुग्णाचा पत्ता जरूर नोंदवा आणि बाहेरगावच्या रुग्णांचा हिशेब वेगळा मांडा. मात्र खाट देताना हा भेद कदापि करू नये, असे माझे ठाम मत आहे.

लसीकरणात दिवसाला किती डोस दिले हे मोजण्यापेक्षा, साठीपुढच्या किती जणांचा दुसरा डोस राहिला आहे, हे प्रभागवार मोजावे.

आणि आकडा ओलांडल्यावर कोणी काय करायचे, हे न लिहिलेले उद्दिष्ट कागदावरच राहते. ऑक्सिजन खाटा अमुक टक्के भरल्या की दुसऱ्या दिवशी कोणता वॉर्ड रिकामा करायचा आणि तो आदेश कोणाच्या सहीने निघेल, हे आधीच ठरलेले हवे. निर्बंध उठवण्याचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये सुचवलेल्या निकषानुसार बाधितांचे प्रमाण ५ टक्क्यांखाली किमान १४ दिवस टिकायला हवे होते. एखाद्या रविवारी, तपासण्याच कमी झालेल्या असताना आलेला ४ टक्क्यांचा आकडा त्यासाठी पुरेसा धरता येत नाही.