चेहरा वेगळा असलेल्या मुलाला शाळेत घालावे की घरी शिकवावे?

दुभंगलेला ओठ आणि टाळू घेऊन जन्मलेल्या आमच्या मुलीच्या शाळाप्रवेशाची वेळ आली, तेव्हा बहुतेक नातेवाइकांनी तिला घरीच शिकवण्याचा सल्ला दिला, म्हणजे निदान चिडवण्यातून तरी ती सुटेल. आज ती मुंबईतल्या पालिकेच्या शाळेत सातवीत आहे. याच प्रश्नापाशी आलेल्या पालकांना मी इतकेच सांगेन की, घरी शिकवायचे ठरवलेच तर ते मुलाचे उपचार पाहून ठरवावे, लोकांच्या नजरा पाहून नव्हे. लोकलमध्ये, लिफ्टमध्ये आणि लग्नाच्या हॉलमध्ये अनोळखी माणसे रोखून बघतातच. वर्गात मात्र रोज तीच मुले भेटतात आणि त्यांचे कुतूहल बऱ्याच लवकर ओसरते.

ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात आणि टाळूची वर्षाच्या आसपास होते, म्हणजे दोन्ही शाळेआधीच उरकतात. हिरडीच्या फटीत हाड भरण्याची शस्त्रक्रिया बहुधा 8 ते 11 या वयात येते, तर जबड्याची गरज पडलीच तर ती वाढ पूर्ण झाल्यावर, म्हणजे दहावीनंतर. तेवढ्या काळापुरता घरी अभ्यास घेणे आणि शाळाच सोडणे यांत मोठा फरक आहे. भाजल्यामुळे वारंवार शस्त्रक्रिया कराव्या लागणाऱ्या मुलांचे गणित अर्थातच वेगळे असते.

आमच्यासाठी निर्णायक ठरली ती वाचा. घरातल्या माणसांना मुलाचे अस्पष्ट उच्चारही सवयीने कळतात, त्यामुळे स्पष्ट बोलण्याची निकडच त्याला वाटत नाही. वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेसारख्या ठिकाणी स्पीच थेरपी मिळते, पण तिथे शिकलेला उच्चार रोज वापरायला मधल्या सुट्टीतली भांडणेच लागतात. टाळू दुभंगलेल्या मुलांच्या मधल्या कानात द्रव साचून ऐकू कमी येण्याचा संभव असतो. म्हणून कान तपासून घ्यावेत आणि पुढचा बाक मागावा.

एका खासगी शाळेने आम्हाला ‘आधी ऑपरेशने पूर्ण होऊ द्या’ असे सांगून परत पाठवले होते. असे उत्तर मिळाले तर ते लेखी मागावे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे, आणि कलम 4 नुसार मध्येच शाळेत येणाऱ्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. त्यामुळे एक-दोन वर्षे घरी शिकलेल्या मुलालाही परतीची वाट मोकळी असते. पुढेही घरीच शिकायचे असल्यास वयाच्या चौदाव्या वर्षानंतर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावी करता येते. राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो.

शाळेत घालायचे ठरल्यावर जूनमध्येच वर्गशिक्षिकांना भेटावे. आमच्या बाईंनी वर्गासमोर मुलीबद्दल चार शब्द बोलण्याची तयारी दाखवली होती. हेतू चांगला होता, पण मुलीला ते नको होते आणि आम्ही तिचेच ऐकले. त्याऐवजी ‘जन्मापासून असंच आहे, ऑपरेशन झालंय, आता दुखत नाही’ एवढे उत्तर तिने घरी म्हणून म्हणून पक्के केले, आणि कोणी चिडवलेच तर कोणाकडे जायचे हे बाईंनी तिला आधीच सांगून ठेवले.